कोतेलवरची बार मित्झ्वा : पडद्याच्या दोन्ही बाजूंनी

७ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. जेरुसलेमच्या पश्चिमी भिंतीपाशी, ज्यू लोक जिला कोतेल म्हणतात तिथे, एका बेने इस्राएली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू समाजातल्या, मुलाची बार मित्झ्वा (तेराव्या वर्षी मुलगा धर्माच्या दृष्टीने जाणता झाला म्हणून करतात ती) झाली. तिचे फोटो मी आणि माझ्या नवऱ्याने काढले. अलिबागला आमचा लग्न-मुंजी, बारशी-वाढदिवसांच्या फोटोंचा व्यवसाय आहे. परदेशात जाऊन, तेही दुसऱ्या धर्माच्या इतक्या पवित्र जागी, कॅमेरा हातात धरायची ही पहिलीच वेळ होती. तयारी करताना शंका ढीगभर होत्या आणि विचारावं असं ओळखीत कोणी नव्हतं. म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. कुणाचे नातेवाईक तिकडे असतील, कुणाला असं बोलावणं येईल, त्यांना उपयोगी पडेल.

आधी नातं सांगते. ज्या आजींचा हा नातू, त्यांचं माहेर आमच्या सासूबाईंच्या वाडीला लागून. अलिबाग तालुक्याला बेने इस्राएल काही नवे नाहीत. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांचाच हा समाज झाला, ही कथा इथे लहान मुलांनाही ठाऊक असते. तेल गाळायचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आपल्या गावांचीच आडनावं त्यांच्यात आहेत. आजी लग्नानंतर १९६९ मध्ये इस्राएलला गेल्या. आता लोदला राहतात. दोन-तीन वर्षांनी इकडे येतात, सागावजवळ एलियाहू हनाबी या त्यांच्या प्रेषिताच्या टाप्यावर, म्हणजे त्याच्या पवित्र खुणेच्या जागी, नवस फेडायला जातात आणि आमच्याकडे जेवून जातात.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. नातू नोव्हेंबरात तेरा वर्षांचा होणार होता. म्हणाल्या, “बाय, तुम्ही दोघंही या. थोरल्याच्या टायमाला फोटोवाला एकटाच होता. तो बाप्यांच्यात, आम्ही बायका पडद्याआड. अख्ख्या अल्बमात माझा एक फोटो नाय बघ.”

आमचं सगळं नियोजन या एका वाक्यावर उभं राहिलं. कोतेलसमोरची प्रार्थनेची जागा दोन भागांत वाटलेली आहे. पुरुषांचा भाग मोठा, बायकांचा बराच अरुंद आणि मध्ये आडोसा, त्याला मेहित्सा म्हणतात. मुलगा, वडील, आजोबा, काका, मामा सगळे एका बाजूला. आई, आजी, बहिणी, मावश्या दुसऱ्या बाजूला. बाई फोटोग्राफर पुरुषांच्या भागात जाऊ शकत नाही आणि पुरुष बायकांच्या भागात येऊ शकत नाही. एकच फोटोग्राफर नेला की अर्धं कुटुंब अल्बममधून जातं. या कामाला एक बाई आणि एक पुरुष हवेतच. खर्च वाढतो, पण त्यात काटकसर करू नये.

तारीख ठरवणं हा पुढचा टप्पा. तोरा, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, सार्वजनिकपणे वाचली जाते ती सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी, शिवाय महिन्याच्या आरंभाला आणि सणांना. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असल्यामुळे कोतेलच्या परिसरात कॅमेऱ्याला मनाई, फोन वापरायलाही. प्रार्थनेच्या वेळी दंडाला आणि कपाळाला पट्ट्याने बांधतात त्या डब्या, म्हणजे तेफिलीन, त्याही शब्बाथला बांधत नाहीत. म्हणून फोटो हवे असतील तर बहुतेक कुटुंबं सोमवार किंवा गुरुवार निवडतात. मुलाच्या तेराव्या हिब्रू वाढदिवसानंतरचा गुरुवार आमच्या वाट्याला आला. कोतेलची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे कुटुंबाने जूनमध्येच नाव नोंदवलं. नोंदणीला पैसे पडले नाहीत. वाचनाला मदत करणारे रबी, म्हणजे धर्मगुरू, हवेत का, सेफेर, म्हणजे तोराची गुंडाळी, कुठल्या परंपरेचा हवा, एवढंच विचारलं गेलं.

ज्या आईला मुलाच्या शेजारीच उभं राहायचं असेल तिच्यासाठी दक्षिणेला रॉबिन्सन कमानीजवळ वेगळी जागा आहे, तिथे स्त्री-पुरुष एकत्र प्रार्थना करतात. आमचं कुटुंब परंपरेने चालणारं, त्यांना मुख्य पटांगणच हवं होतं. पण तुम्हाला कुणी बोलावलं तर कुठल्या भागात कार्यक्रम आहे हे पहिल्याच फोनवर विचारा. सगळी आखणी त्यावर अवलंबून असते.

व्हिसाचं काम आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं. पर्यटकांना मिळतो तो बी-२ व्हिसा. त्यावर तिकडे पैसे घेऊन काम करता येत नाही. फोटोग्राफरांनी हे नीट समजून घ्यावं. आम्ही मानधन घेतलंच नाही. पाहुणे म्हणून गेलो, अर्जातही तेच लिहिलं. व्यवसाय म्हणून जायचं असेल तर कामाच्या परवानगीचा मार्ग निराळा आहे आणि तो तिथल्या बोलावणाऱ्यालाच सुरू करावा लागतो. कागद असे जोडले : आजींच्या मुलाचं निमंत्रणपत्र, त्याच्या ओळखपत्राची प्रत, आमची बँकेची स्टेटमेंट, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, दुकानाचा शॉप अ‍ॅक्टचा परवाना, लग्नाचा दाखला, प्रवासविमा, तिकिटांचं आरक्षण. निमंत्रणपत्रात कार्यक्रमाची तारीख, आमची राहण्याची जागा आणि नातं काय ते स्पष्ट लिहायला सांगितलं. ‘शेजारी’ असंच लिहिलं, उगीच नातेवाईक दाखवलं नाही. तीन आठवडे उत्तर आलं नाही. तिकिटाचे साधारण ब्याऐंशी हजार रुपये अडकलेले, तेव्हा रोज सकाळी ईमेल उघडताना पोटात गोळा यायचा. सप्टेंबर संपता संपता व्हिसा आला.

सामानाबद्दल. कॅमेऱ्याच्या दोन मिररलेस बॉडी, एक जुनी बॉडी राखीव, लेन्स तीन : ३५ची प्राइम, २४-७०, ७०-२००. ट्रायपॉड नेला नाही, फ्लॅश पिशवीतून काढलाच नाही. निघताना मुंबई विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेतलं. त्यात बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर लिहून देतात, म्हणजे परत येताना हे सामान बाहेरून विकत आणलंय का, हा प्रश्न उद्भवत नाही. खरेदीची बिलं जवळ ठेवा आणि यासाठी तासभर आधी पोहोचा. सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्यायच्या, हे बहुतेकांना माहीत असतं.

चेक-इनच्या आधी सुरक्षा अधिकाऱ्यांनी आम्हाला वेगवेगळं उभं करून प्रश्न विचारले. कुणाकडे जाताय, त्यांना कसे ओळखता, बॅग कुणी भरली, कॅमेरे कुणी दुरुस्तीला नेले होते का. आवाज कडक नव्हता, पण एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. मी फोनमधला सासूबाईंबरोबरचा आजींचा जुना फोटो दाखवला, त्यानंतर बोलणं सोपं झालं. निमंत्रणपत्राची छापील प्रत हाताशी असू द्या. तिकडे उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी निळी चिठ्ठी देतात. ती जपून ठेवायची. हॉटेलात राहणार असाल तर ती दाखवल्यावर परदेशी पाहुण्यांना तिथला व्हॅट माफ होतो.

आम्ही रविवारी पहाटे उतरलो. हा दिवस मुद्दाम निवडला होता. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत गाड्या, बस बहुतेक बंद असतात, त्यात नवख्या माणसाने अडकू नये. बेन गुरियन विमानतळ लोदला अगदी लागून आहे. आजींचा मुलगा न्यायला आला. घरी चहा झाला, वर सासूबाई पाठवणार होत्या त्या सुक्या बोंबलांची चौकशी झाली. ते मी नेले नव्हते, कारण खवले आणि पर असलेलेच मासे त्यांना चालतात आणि बोंबलाबद्दल त्यांच्यातही प्रत्येक घरचं मत वेगळं. मी नेली होती कोकमं आणि पोहे.

सोमवारी, ४ तारखेला, आम्ही दोघंच रेकीला गेलो. माझ्या मते सगळ्या तयारीतला हा सर्वांत मोलाचा दिवस. सोमवारीही बार मित्झ्वा असतात, त्यामुळे गुरुवारी जे होणार ते आधीच डोळ्यांखालून जातं. डंग गेटमधून आत शिरलो, तपासणीच्या यंत्रातून गेलो आणि समोर भिंत. ज्यूंचं इथलं दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. हेरोद राजाने मंदिराच्या टेकडीभोवती जो आधाराचा कोट बांधला होता त्याची ही पश्चिमेची बाजू. प्रार्थनेसाठी मोकळा असलेला भाग साधारण ५७ मीटर लांब, उंची १९ मीटरच्या आसपास. खालच्या थरांतले दगड माणसाच्या छातीइतके उंच. फटींमधून चिठ्ठ्या खोचलेल्या. फोटोंत शेकडो वेळा पाहिलेली जागा, तरी कॅमेरा लगेच काढवेना. बायका भिंतीला कपाळ टेकून उभ्या होत्या. मी थोडा वेळ नुसती उभी राहिले.

मग प्रकाश पाहायला लागलो. भिंतीचं तोंड पश्चिमेला, म्हणजे सकाळचा सूर्य भिंतीच्या मागून येतो. नोव्हेंबरात भिंतीजवळचा पट्टा बऱ्याच उशिरापर्यंत सावलीत राहतो आणि मागचं पटांगण आधी उजळतं. याचा अर्थ, भिंतीकडे पाठ करून माणसांचे चेहरे टिपायला गेलात तर मागचं पांढऱ्या दगडाचं पटांगण जळून जातं, म्हणजे फोटोत नुसतं पांढरंफटक येतं. भिंत माणसांच्या मागे ठेवून, थोडं कडेने काढलं तर प्रकाश सगळीकडे सारखा मिळतो आणि चेहऱ्यांवर समोरच्या उजळलेल्या फरशीचा मऊ उजेड येतो. नवऱ्याने पुरुषांच्या भागात जाऊन टेबलं कुठे लावतात ते पाहिलं. सेफेर ठेवायची ही टेबलं हलवता येतात. मेहित्साजवळचं टेबल मिळालं तरच बायकांना काही दिसतं. गुरुवारी मुलाच्या काकांनी तांबडं फुटायच्या आत जाऊन टेबल धरायचं, हे त्या दिवशी ठरलं.

पुरुषांना डोकं झाकावं लागतं, ज्यू नसलात तरी. प्रवेशाशी कागदी टोप्या मिळतात, पण व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की त्या पडतात. नवऱ्याला आजींनी कापडी किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, आणि दोन केसांच्या चिमट्या दिल्या. मी लांब बाह्यांचा कुडता, सलवार आणि ओढणी. खिशात थोडी नाणी ठेवावीत, दानासाठी हात पुढे करणारे भेटतात.

बुधवारी संध्याकाळी घरी मलिदा, बेने इस्राएलींचा नैवेद्यासारखा विधी. भिजवलेले पोहे, खोवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, मनुका, बदाम, ताटाभोवती फळं आणि मध्ये गुलाब. एलियाहू हनाबीचं नाव घेऊन दुआ म्हटल्या गेल्या. म्हणणाऱ्यांत तरुण मुलंही होती. इथे दोघांनाही सगळीकडे फिरता येत होतं. आजींचे हात पोहे कालवताना, हा फोटो मला कधीपासून हवा होता, तो त्या रात्री मिळाला. जेवताना आजींच्या दिरांनी १९६४ सालची गोष्ट सांगितली. बेने इस्राएल अस्सल ज्यू आहेत की नाहीत, त्यांची इतरांशी लग्नं लावायची की नाही, यावर तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली होती आणि समाज जेरुसलेमच्या रस्त्यावर येऊन बसला होता. दीर त्यात होते, तेव्हा विशीचे. उद्याचा दिवस या घराला एवढा मोठा का, हे मला तेव्हा पुरतं कळलं. माझी झोप त्या रात्री उडाली होती.

गुरुवारी पहाटे बस निघाली. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं बसमध्येच सेकंदापर्यंत जुळवली. हिवाळ्यात इस्राएल आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. दोन बाजूंचे फोटो नंतर एका क्रमात लावायचे तर हे विसरून चालत नाही.

डंग गेटपाशी ढोल, क्लॅरिनेट आणि शोफार, म्हणजे एडक्याच्या शिंगाचं वाद्य, घेऊन तिघे वाजवणारे थांबले होते. चार काठ्यांवर धरलेला छत, त्याखाली मुलगा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वडील. त्यांनी यासाठी अठराशे शेकेल मोजले, तेव्हाच्या भावाने छत्तीस हजार रुपयांच्या आसपास. आपल्याकडची वरात काढलेल्या माणसाला इथे अवघड काहीच नाही, उलटं चालत पुढे पुढे सरकायचं. मात्र आई-मुलगा एकाच फ्रेममध्ये मिळण्याची सकाळची हीच शेवटची संधी असते, तेव्हा इथे मेमरी कार्ड मोकळ्या हाताने वापरा. वाजवणारे तपासणीच्या अलीकडे थांबले. आत जाऊन कुटुंब दोन वाटांनी वेगळं झालं. आईने मुलाची कॉलर सारखी केली आणि त्याला सोडलं.

माझ्या बाजूला पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या ओढून मेहित्साला लावायच्या आणि वर चढायचं. आजींना दोघींनी धरून चढवलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी, ७०-२०० घेऊन. पलीकडे वडील मुलाच्या डाव्या दंडावर तेफिलीनचा पट्टा बांधत होते, मग कोपरापासून खाली सात वेढे, मग कपाळावरची डबी. मुलाचा हात थरथरत होता, बापाचा त्याहून जास्त. तिकडे नवरा हातभर अंतरावर, ३५ लावून, शटरचा आवाज बंद करून.

पुरुषांच्या भागाला लागून असलेल्या विल्सन कमानीखालच्या कपाटातून सेफेर आणला. बेने इस्राएलींमध्ये तो मखमल आणि धातूने सजवलेल्या उभ्या लाकडी पेटीत असतो आणि उभाच ठेवून वाचतात. यामुळे समोरून वाचणाऱ्याचा चेहरा पेटीआड जातो, कडेने उभं राहावं लागतं. चर्मपत्राला हात लावायचा नाही, वाचणाराही चांदीच्या काठीने ओळ दाखवतो. टेबलावर लेन्सची टोपीसुद्धा ठेवायची नाही, हे नवऱ्याला बजावून सांगितलं होतं. टेबलाकडे नेताना मुलाने सेफेर मेहित्साच्या कडेने नेला. बायकांनी हात लांब करून पेटीला स्पर्श केला आणि बोटं ओठांना लावली. आजींचा हात पोचेना. मुलाने पेटी तिरकी करून त्यांच्या हाताखाली आणली.

गुरुवारी तिघांना वाचनाला बोलावतात, पहिला कोहेन (पुरोहितांच्या वंशातला), दुसरा लेवी (मंदिराच्या सेवकांच्या वंशातला), तिसरा हा मुलगा. त्या आठवड्याचा भाग होता ‘लेख लेखा’, देव अब्राहमाला सांगतो की तुझा देश, तुझं गोत, तुझ्या बापाचं घर सोड आणि मी दाखवीन त्या देशात जा. शेजारीच आणखी चार-पाच कुटुंबांचे सोहळे चालू, सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळलेले. तरी आजींना नातवाचा आवाज बरोबर ओळखू येत होता. ओठ हलत होते, डोळे मिटलेले. मी त्यांचेच फोटो काढत राहिले, मुलाकडे नवरा बघेल एवढा भरवसा होता. दोघं असण्याचा हाच फायदा, कुणालाही मान सारखी इकडेतिकडे वळवावी लागत नाही.

वाचन संपलं आणि बायकांनी कुलुलुलु असा गजर केला, मूठ-मूठ गोड गोळ्या पलीकडे उधळल्या. या क्षणासाठी शटर १/१००० वर आणि बर्स्ट, म्हणजे सलग फोटो घेणं, चालू ठेवा, गोळ्या हवेत दिसतात. गोळ्या मऊ घ्यायला सांगा, कडक गोळी लेन्सवरही बसते आणि आजोबांच्या चष्म्यावरही. वडिलांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ती जुनी दुआ म्हटली, या मुलाच्या कर्मांची जबाबदारी आजपासून माझ्यावर नाही अशा अर्थाची. आईला ती ऐकू गेली नाही, तिने वडिलांच्या ओठांवरून ओळखली आणि तिथे तिचा बांध फुटला.

भोवती अनोळखी बायका रडत, पुटपुटत प्रार्थना करत असतात. दृश्य म्हणून ते फार ओढ लावतं. मी एकीचाही फोटो घेतला नाही आणि घेऊ नये असं ठामपणे सांगते. त्या आपल्या बोलावण्यावर आलेल्या नसतात. फ्रेममध्ये कुणी येतच असेल तर खुणेने विचारायचं. दोघींनी मान हलवून नको म्हटलं, मी कोन बदलला.

संध्याकाळी हॉलमध्ये जेवण, नाच, केक झाला, ते आपल्या रिसेप्शनसारखंच. त्याच रात्री कार्डं दोन हार्ड डिस्कवर उतरवली. एक नवऱ्याच्या बॅगेत, एक माझ्या.

शनिवारी मुलगा लोदच्या सिनेगॉगमध्ये पुन्हा वाचायला उभा राहिला. कॅमेरे आणि फोन घरी कपाटात. आम्ही पाहुणे असलो तरी त्या घरात शब्बाथ होता, दिव्याच्या बटणालाही आम्ही हात लावला नाही. तो दिवस त्यांच्याबरोबर फोटोंविना घालवता आला हे बरंच झालं. आजींनी मला वरच्या ओळीत शेजारी बसवलं आणि कुठे काय चाललंय ते कानात सांगत राहिल्या.

अल्बम आमच्याकडून भेट, छपाईला चौदा हजार लागले. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून बांधणी उजव्या कडेला हवी. पुण्याच्या बाइंडरला हे लिहून द्या, नमुन्याचं पान पाठवा आणि फ्रेममधले फोटोही त्याच क्रमाने लावा, नाहीतर मुलगा आधी वाचन करतो आणि मागून मिरवणूक येते. फोटोंखालच्या ओळी हिब्रूत मुलाच्या वडिलांनी लिहून पाठवल्या, मराठीत मी लिहिल्या. वेळेच्या क्रमाने लावल्यामुळे समोरासमोरच्या पानांवर एकाच क्षणाच्या दोन बाजू आल्या. डावीकडे तेफिलीन बांधणारे वडील, उजवीकडे ते बघणारी आई.

फेब्रुवारी २०२० मध्ये आजींचा भाचा इकडे आला होता, त्याच्याबरोबर अल्बम पाठवला. नंतर सुट्या प्रिंटची मागणी आली. मुलाचा वाचतानाचा फोटो तिघांना हवा होता. खुर्चीवर चढून हात लांब केलेल्या आजींचा अकरा जणांना.